आम्ही धारूर तालुक्यातून ऊसतोडीला जातो. चार वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) आहे. तिच्यासाठी शासनाकडून दरमहा काही रक्कम मिळते का?

ताई, मिळते. तुमच्या धारूर तालुक्यापासून आम्ही फार लांब नाही आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलालाही सेरेब्रल पाल्सीच आहे, म्हणून अनुभवाने सांगतो.

सर्वप्रथम यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढा. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून मुलीला तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते, आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याशिवाय बहुतेक योजना लागू होत नाहीत. मुलगी चार वर्षांचीच असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळू शकते. तसे असेल तर मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवा.

त्यानंतर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. दिव्यांगांसाठीची रक्कम २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाली असून, त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो.

हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात, आणि आमचे नेमके तेथेच अडले. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. माझ्या मुलाच्या मुठी घट्ट मिटलेल्या. त्याची आई कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट सैल करायची, पण यंत्रावर ठेवताच ते पुन्हा आत वळायचे. केंद्रावरून आम्हाला दोनदा परत पाठवले. ज्यांना ठसे देता येत नाहीत त्यांची नोंद अपवाद म्हणून करण्याची सोय आधारच्या नियमांतच आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. पुढच्या वर्षी तुमच्यावर ही वेळ येईल, तेव्हा पहिल्याच दिवशी तसे ठामपणे सांगा.

तुम्ही ऊसतोडीला जाता असे लिहिले आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. अनुदान सुरू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो चुकला तर पैसे थांबतात. तेव्हा कारखान्यावर निघण्यापूर्वीच तहसीलमध्ये त्याची चौकशी करून जा.

उपचारांसाठी राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची निरामय विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च, अगदी फिजिओथेरपीसुद्धा, धरला जातो. मात्र खर्च आधी आपण करून मग परत मागायचा असल्याने प्रत्येक पावती जपा. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो मागताना तोंडी बोलून परत येऊ नका. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.