यादवी युद्ध, गृहयुद्ध की नागरी युद्ध?

प्रश्न असा आहे: '१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण आपसांत लढले. त्या सिव्हिल वॉरला आमच्या वेळी यादवी युद्ध म्हणायचे. हल्ली कुठे गृहयुद्ध दिसतं, कुठे नागरी युद्ध. यातलं बरोबर कोणतं? आणि त्यानंतरच्या रिकन्स्ट्रक्शनला पुनर्बांधणी म्हणावं की पुनर्रचना?'

'नागरी युद्ध' आधी निकालात काढू. सिव्हिल हॉस्पिटल, सिव्हिल कोर्ट यांतला सिव्हिल डोक्यात ठेवून केलेलं हे भाषांतर आहे. मूळ लॅटिन प्रयोगाचा अर्थ एकाच राज्याच्या नागरिकांनी आपसांत केलेलं युद्ध, एवढाच. 'नागरी' म्हटल्यावर मराठी माणसाला नागरी सुविधा आठवतात, नाहीतर नागरी सहकारी बँक.

गृहयुद्ध चूक नाही. सीरिया-सुदानच्या बातम्यांत तो रुळलाय, आणि तिथे तो राहू द्यावा.

खरी चर्चा यादवीची. महाभारतातल्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव दारू पितात, सात्यकी आणि कृतवर्मा एकमेकांची जुनी उणीदुणी काढतात, शब्दाने शब्द वाढतो, सात्यकी कृतवर्म्याचं मुंडकं उडवतो. मग हाताला लागेल ते एरका गवत उपटून सगळे एकमेकांवर तुटून पडतात. शापामुळे त्या गवताचीच मुसळं होतात आणि कूळ संपतं. यातून शब्दाला दोन छटा चिकटल्या: भांडणारे एकाच रक्ताचे, आणि भांडणाला धड कारण नाही. 'पक्षात यादवी' या मथळ्यात दोन्ही पुरेपूर असतात.

अमेरिकेला यातली पहिली छटा लागू पडते. केंटकीचे सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी दक्षिणेची राज्यं फुटू नयेत म्हणून तडजोडीचा मसुदा मांडला होता; पुढे त्यांचाच एक मुलगा उत्तरेच्या सैन्यात जनरल झाला आणि दुसरा दक्षिणेच्या. दुसरी छटा मात्र साफ चुकीची. कारण होतं, आणि फुटणाऱ्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. संघराज्यातून बाहेर पडताना मिसिसिपीने जे निवेदन काढलं, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचं सुरुवातीलाच सांगितलंय. फुटलेल्या राज्यांनी आपलं वेगळं सरकार केलं, त्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात म्हणाले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. यापेक्षा स्वच्छ कबुली काय हवी?

शिवाय 'भाऊ-भाऊ लढले' म्हटलं, की त्या घरातले सुमारे चाळीस लाख गुलाम हिशेबातूनच गळतात. त्यांच्यापैकी अनेकांनी पळून येऊन उत्तरेच्या सैन्यात नाव नोंदवलं. तिकडे एकूण सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक लढले. ते कुणाचे भाऊ? आणि ही भाऊबंदकीची गोष्ट खुद्द अमेरिकेतही पुढे फार सोयीची ठरली. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षं झाली, तेव्हा दोन्हीकडचे म्हातारे सैनिक त्याच रणांगणावर जमले, दगडी बांधाच्या आरपार त्यांनी हस्तांदोलन केलं, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी बंधुभावावर भाषण केलं. तेव्हा दक्षिणेत बहुतेक काळ्या माणसांना मतदान करता येत नव्हतं.

जाता जाता एक गंमत, शब्दांच्या शौकिनांसाठी. अमेरिकेच्या १७८७ च्या मूळ राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द नाही. तिथे 'इतर व्यक्ती', 'सेवेला वा श्रमाला बांधलेली व्यक्ती' अशी वळणं घेतलीत. गुलामगिरी हा शब्द त्या घटनेत पहिल्यांदा आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, म्हणजे ती रद्द करताना! दक्षिणेच्या १८६१ च्या घटनेने असली लाज बाळगली नाही, सरळ 'निग्रो गुलाम' असं लिहिलं.

मराठीत या युद्धाचं कारण फार लवकर ओळखलं गेलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली, तेव्हा अमेरिकेत युद्धानंतरची घडी बसवणं अजून चालू होतं. गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतल्या सज्जनांनी जो त्याग केला त्याबद्दल त्यांनी ते पुस्तक त्यांना अर्पण केलं, आणि शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. फुल्यांना त्यात भावाभावांचं भांडण दिसलं नाही.

इतकं बोलूनही मी 'यादवी युद्ध'च लिहितो. वाचकाला कोणतं युद्ध ते लगेच कळतं, आणि 'युद्ध' जोडल्याने प्रभासची दारू बरीचशी उतरते. नुसतं 'अमेरिकेतली यादवी' मात्र टाळा. ज्यांना तेही खटकेल त्यांनी खुशाल गृहयुद्ध लिहावं.

आता रिकन्स्ट्रक्शन. माझं मत पुनर्रचनेला. अटलांटा, रिचमंड जळाली होती, ती पुन्हा उभी राहिली हे खरं. पण १८६५ ते १८७७ चा मूळ झगडा विटा-चुन्याचा नव्हता. फुटलेल्या अकरा राज्यांना कोणत्या अटींवर परत घ्यायचं, आणि सुटलेल्या माणसांचे हक्क कोणते, हा होता. १८६७ च्या कायद्याने, टेनेसी तेवढं वगळून, दक्षिणेचे पाच लष्करी जिल्हे केले. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने सुटलेल्या गुलामांना नागरिकत्व दिलं. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारायला बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर निवडून गेले. याला बांधणी कसं म्हणणार? (संस्कृत संधिनियम काटेकोर लावला तर खरं 'पुनारचना' व्हायला हवं, व्याकरणात 'पुना रमते' हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मराठीने तो नियम इथे मानला नाही, आपणही मानू नये.)

त्याच काळातला आणखी एक शब्द भाषांतरकारांना हमखास फसवतो: रिडेम्प्शन. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी धाकदपटशा, खून आणि मतपेट्यांतली लबाडी यांच्या जोरावर एकेक राज्य परत ताब्यात घेतलं, त्याला त्यांनीच दिलेलं हे नाव. मराठीत त्याचं 'मुक्ती' केलेलं मी वाचलंय. त्याने घोटाळा होतो, कारण गुलामांच्या मुक्तीलाही आपण तोच शब्द वापरतो. एकाच पानावर दोन उलट्या गोष्टींना एकच नाव पडतं. तिथे 'उद्धार' लिहावं, तेही अवतरणचिन्हांत, आणि हा शब्द कुणाचा ते त्याच वाक्यात सांगावं.