आधी ऐकू येऊ द्या, मग पीटीटी दाबा

प्रश्न : मागच्या वर्षी हॅम (हौशी) रेडिओचं लायसन्स मिळालं. पाच वॅटचा एक ड्युअल बँड हँडहेल्ड (दोन बँडवर चालणारा हातातला सेट) आहे, सोबत आलेला रबरी अँटेना तसाच लावलेला. एसओ-५० या हॅम लोकांचं बोलणं पुढे पाठवणाऱ्या सॅटेलाइटवरून त्यावर बोलता येतं असं कळलं म्हणून तीन संध्याकाळी गच्चीत उभं राहून कॉल देत होतो, उत्तर तर सोडाच, सेटमधली खरखरसुद्धा जराही बदलली नाही. सेट खराब आहे की पॉवर कमी पडतेय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सेट ठीक असणार, पॉवर तर गरजेपेक्षा जास्तच आहे. गडबड कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय, खरखर बदलली नाही. म्हणजे सॅटेलाइट तुम्हाला ऐकूच येत नव्हता. एसओ-५० चा ट्रान्समीटर फक्त पाव वॅटचा आहे हो, आणि तो डोक्यावर असला तरी सहाशे-सातशे किलोमीटर लांब असतो, क्षितिजाजवळ असताना तर अडीच हजारांच्याही पलीकडे. तुमचे ५ वॅट म्हणजे त्याच्या वीसपट. त्यामुळे तो तुम्हाला सहज ऐकतो, तुम्ही त्याला ऐकत नाही, आणि त्यात त्याला चॅनेल एकच, आखातापासून थायलंडपर्यंत जेवढे लोक त्या वेळी त्याच्या टप्प्यात आहेत तेवढ्या सगळ्यांमध्ये मिळून. तुम्ही कॉल देत होतात तेव्हा कदाचित दोघांचं बोलणं चालू असेल आणि ते तुमच्याखाली दबलं असेल. रागावून नाही सांगत, पण कुणाचा तरी आवाज स्पष्ट ऐकू येईपर्यंत पीटीटीला (बोलताना दाबायच्या बटणाला) हात लावायचा नाही, हे पक्कं ठरवूनच टाका.

आता ऐकू कसं येईल ते. रबरी अँटेना काढा आणि एक छोटी यागी, म्हणजे सॅटेलाइटच्या दिशेला रोखून धरायची अँटेना, बनवा. हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलची मोजपट्टी आणि अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणा, पट्टीचे तुकडे (एलिमेंट) कापून पाइपवर आडवे बसवायचे. सॅटेलाइट ज्यावर ऐकू येतो त्या ७० सेंटिमीटर बँडला अर्धी वेव्हलेंग्थ ३४ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे पाच एलिमेंटची यागीसुद्धा एका हातात आरामात मावते. एक सांभाळा, पट्टीवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा, नाहीतर सोल्डर धरतच नाही, वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि गच्चीत पोचेपर्यंत कोॲक्स केबलची तार निघून हातात येते. कापलेली टोकं धारदार असतात, त्यांना टेप गुंडाळा.

पासच्या, म्हणजे सॅटेलाइट आपल्या आकाशातून जाण्याच्या, वेळा ॲपमध्ये बघाल तर त्या यूटीसीत (जागतिक वेळेत) आहेत का आपल्या वेळेत ते आधी तपासा. साडेपाच तास मिळवायचे राहिले म्हणून रिकाम्या आकाशाकडे अँटेना धरून उभे राहिलेले लोक मी पाहिलेत, तुमच्या तीन संध्याकाळींपैकी एखादी अशीच गेली असेल. सुरुवातीला ४० अंशांच्या वर जाणारेच पास घ्या, दहा-बारा मिनिटं मिळतात.

मग डॉप्लर, म्हणजे सॅटेलाइटच्या वेगामुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी. डाउनलिंक (सॅटेलाइटकडून खाली येणारी फ्रिक्वेन्सी) ४३६.७९५ मेगाहर्ट्झ आहे पण सॅटेलाइट आपल्याकडे येत असताना ती साधारण १० किलोहर्ट्झ वर ऐकू येते आणि लांब जाताना तेवढीच खाली, म्हणून पाच मेमरी भरून ठेवा, ४३६.८०५ पासून ५-५ किलोहर्ट्झने उतरत ४३६.७८५ पर्यंत, आणि पास पुढे सरकेल तसं एकेक चॅनेल खाली या. अपलिंक (आपण बोलतो ती फ्रिक्वेन्सी) १४५.८५० ला हात लावायचा नाही, तिथला फरक एफएममध्ये चालून जातो. आवाजासोबत पाठवायचा टोन ६७ हर्ट्झ. सॅटेलाइट झोपलेला असेल तर ७४.४ चा टोन देऊन दोनेक सेकंद पीटीटी दाबायचं की दहा मिनिटांचा टायमर सुरू होतो, त्याची एक वेगळी मेमरी ठेवा. आवाज मधेच बसला तर आधी मनगट फिरवा, आडवी यागी उभी करा, बहुतेक वेळा तेवढ्याने परत येतो.

जमलं तर ऐकायला दुसरा सेट आणि हेडफोन घ्या, म्हणजे आपलाच आवाज खाली येताना ऐकू येतो. दोन्ही अँटेना जरा लांब ठेवा कारण १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५ होते, डाउनलिंकच्या अगदी शेजारी, त्यामुळे आपलाच ट्रान्समीटर आपला रिसीव्हर बहिरा करतो. बोलणं थोडकं ठेवा, कॉलसाइन (लायसन्सवरची आपली ओळख) आणि ग्रिड (आपली जागा सांगणारा कोड) बस. पुण्याचा ग्रिड एमके६८, कोल्हापूरकडे एमके७६. माझा पहिला कॉन्टॅक्ट श्रीलंकेतल्या स्टेशनशी झाला, जेमतेम आठ सेकंदांचा, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

प्रश्न : आपला हॅमसॅट (भारताचा हॅम सॅटेलाइट) अजून चालू आहे का? वडील त्यावर बोलायचे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, जुलै २०१४ मध्ये बॅटरी गेली आणि तो बंद झाला. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत गेला होता, ४२.५ किलोचा, दोन ट्रान्सपॉन्डर (सिग्नल पकडून परत पाठवणारी यंत्रं), एक आपला आणि एक नेदरलँड्समधल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने बनवलेला. दोन वर्षांसाठी पाठवलेला नऊ वर्षं चालला. वडिलांचा जुना एसएसबी (एफएमपेक्षा वेगळ्या पद्धतीचा) सेट असेल तर विकू नका, त्यावर एओ-७ हा हॅम सॅटेलाइट ऐका. तो १९७४ चा आहे. बॅटरी शॉर्ट होऊन १९८१ मध्ये गप्प झाला आणि २००२ मध्ये तो शॉर्ट आपोआप सुटल्यावर पुन्हा बोलायला लागला, तेव्हापासून ऊन असेल तेव्हाच चालतो, थेट सोलर पॅनलवर.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला यात रस आहे. लायसन्स मिळेल का?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला (खालच्या वर्गाच्या लायसन्सला) मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही. तोवर तिला स्पेस स्टेशनची चित्रं पकडू द्या. अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही (आवाजाच्या रूपात पाठवलेली चित्रं) लावतात, चांगल्या पासला रबरी अँटेनावरही ऐकू येतं. स्पीकरजवळ फोन धरायचा, एसएसटीव्ही डिकोड करणारं ॲप चालू ठेवायचं, की स्क्रीनवर वरून खाली एकेक ओळ करत चित्र उतरत जातं. पहिल्या चित्रात तिरपे पट्टे आणि मुंग्या आल्या तरी ते डिलीट करू देऊ नका.