तुझा सिनॉप्सिस परत पाठवतोय

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझ्या संशोधनाचा सिनॉप्सिस वाचला. विषय आपल्या मातीतला आहे, म्हणूनच जरा कडक लिहितोय. शीर्षक आहे 'ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या आत्मविश्वासावर स्थलांतराचा होणारा परिणाम', आणि खाली पद्धत लिहिलीस 'प्रायोगिक'. असं का लिहिलंस ते कळतं मला. प्रायोगिक म्हटलं की व्हायवात वजन पडतं, असं तुम्हा पोरांना कुणीतरी सांगून ठेवलंय. पण तुझ्या आराखड्यात प्रयोग कुठंच नाही. काही मुलं कारखान्यावर जाऊन आलेली, काही गावातच राहिलेली, दोघांना एकच चाचणी आणि मग टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारं गणित. ही झाली तुलना. टी-टेस्ट लावल्यानं तिचा प्रयोग होत नाही.

प्रयोगात स्वतंत्र चल, म्हणजे ज्याचा परिणाम बघायचा ती गोष्ट, आपल्या हातात असतो. कोणता प्रयुक्त, म्हणजे प्रयोगात भाग घेणारा माणूस, कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्यामुळे घरची परिस्थिती, बुद्धी, स्वभाव असलं सगळं दोन्ही गटांत साधारण सारखं विखुरतं, आणि शेवटी दिसणारा फरक आपण केलेल्या बदलाचाच, असं छातीठोक म्हणता येतं. आता मला सांग, धारूर-वडवणीकडच्या कुठल्या लेकरानं फडात जायचं आणि कुणी घरी राहायचं, हे तू ठरवणार आहेस का? ते ठरतं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, कोरडवाहू दोन एकरांवर, मागं सांभाळायला आजी आहे की नाही यावर. म्हणजे ट्रॅक्टर गावातून निघायच्या आधीच तुझे दोन गट वेगळे आहेत. फरक सापडला तर तो स्थलांतराचा, गरिबीचा की आजी नसण्याचा, हे तुझ्या आकड्यांतून कळणार नाही.

आपल्याकडचे मोठे प्रश्न बहुतेक असेच असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्याचा माणसांच्या मनावर काय परिणाम झाला हे जाणून घ्यायला प्रयोग मांडता येत नाही, आणि मांडता आला तरी मांडू नये. तिथं घडून गेल्यावर मागं वळून पाहणं, मुलाखती, व्यक्ती अभ्यास हेच मार्ग. त्यात कमीपणा काही नाही. फक्त जेवढं दिसलं तेवढंच म्हणायचं.

तुझ्या मैत्रिणीचा लातूरच्या क्लासमधल्या मुलांचा विषय मात्र थेट प्रयोगाचा आहे, आणि ती बसलीय प्रश्नावली वाटत! धडा पुन्हा पुन्हा वाचणं बरं की पुस्तक मिटून आठवून लिहिणं, हे मुलांना विचारून काय कळणार? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे करून पाहिलंय. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. दोन गट, चिठ्ठ्या, एकच उतारा, एकच वेळ. तिला म्हणावं, महिनाभरात होईल.

तुझ्या कामाला वाट दाखवणारा अभ्यास तमिळनाडूतला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तो 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांनी 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात तंग असताना तपासलं आणि ऊस गेल्यावर, पैसे हातात असताना पुन्हा तपासलं. तोच शेतकरी तोडणीआधी आकलनाच्या चाचण्यांत कमी पडला. तुलना ज्याची त्याच्याशीच असल्यानं शिक्षण, स्वभाव हे प्रश्न आपोआप गळाले. आणि खरी गंमत पुढं आहे. कारखाना सगळ्यांना एकदम तोड देत नाही, हे तुला मी काय सांगणार! त्यामुळे एकाच महिन्यात कुणाचा ऊस गेलेला, कुणाचा उभा. मग 'हवामानामुळे झालं असेल' किंवा 'सणावारामुळे झालं असेल' म्हणायला जागा फारशी उरत नाही. चाचणीचा सराव झाला म्हणून दुसऱ्यांदा गुण वाढले असतील, ही शंकाही त्यांनी सोडली नाही. काही शेतकऱ्यांना पहिल्या फेरीत मुद्दामच घेतलं नव्हतं. चिठ्ठ्या न टाकताही किती लांब जाता येतं, बघ.

तूही तेच कर. मुलांना जायच्या आधी एकदा तपास, पाडव्याच्या मागंपुढं परत आली की पुन्हा. सहा महिन्यांत मूल तसंही वाढतं, म्हणून त्याच वस्तीतली, तेवढ्याच जमिनीची, पण आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं सोबत घे. जी परत आलीच नाहीत किंवा शाळेतून गळाली, त्यांची नोंद वेगळी ठेव. त्यांना गाळून काढलेली सरासरी खोटी गोड दिसते.

आता प्रश्नावलीचं. 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच रकाने पुण्याच्या वर्गात चालतात. तांड्यावर पोरगं शेजारच्याच्या कागदावर बघून खूण करतं, आई मधेच म्हणते, "लिव्हा की सर तुमच्या मनानं, चांगलंच लिव्हा." आणि मुकादम बाजेवर येऊन टेकला की सगळे एका क्षणात सहमत. म्हणून एकेकाला वेगळं बसव, वाक्यं तोंडी वाच, त्यांच्याच बोलीत. आधी दोन दिवस नुसतं बघ, कागद काढूच नको. निरीक्षणाची वही वेगळी कर. मुलाचं कुणाशी पटतं, कोण गप्प असतं, हे त्या वहीत जितकं सापडेल तितकं गुणांकात सापडणार नाही.

मुकादमाची परवानगी ही संमती नव्हे. आईबापांची घे, मुलालाही विचार, आणि 'नाही' म्हणालं तर उठून ये. एखादं लेकरू फार बिथरलेलं वाटलं तर संशोधन बाजूला ठेव, घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दे आणि मला फोन कर.

पद्धतीचं पान तेवढं नव्यानं लिहून पाठव. शीर्षकात 'परिणाम'ऐवजी 'संबंध' किंवा 'बदल' एवढंच म्हण. गाईडना पटलं नाही तर त्यांच्याशी मी बोलेन. पण पहिली फेरी दसऱ्याच्या आत झाली पाहिजे. नंतर घरांना कुलपं लागतात.

तुझा,
सर