सदस्य नसलेल्या चर्चमध्ये लग्न: आधी फादर, मग हॉल

तुमचा प्रश्न वाचून थोडं हसूच आलं, राग मानू नका, पण आमच्या चर्चच्या ऑफिसात मी आठ-नऊ वर्षं लग्नाच्या नोंदी सांभाळल्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारायला यायचं. म्हणजे मुलगा कॅथलिक पण कित्येक वर्षं चर्चकडे फिरकलेला नाही, तुम्ही प्रोटेस्टंट, दोघांना आवडलेलं चर्च कॅथलिक आणि तिथं दोघांचंही नाव नाही, मग तिथं लग्न कसं करायचं. त्यात मैत्रीण म्हणते त्या चर्चजवळ राहणाऱ्या कुणाचा तरी पत्ता आपला म्हणून द्या, कोण बघतंय.

पत्त्याचं आधी बोलते. अजिबात नको. एकतर कागद दोन चर्चमध्ये फिरतात, त्यामुळे ते उघडं पडतंच आणि ते पण पत्रिका छापून झाल्यावर. दुसरं म्हणजे त्याची गरजच नाहीये! कॅथलिकांमध्ये तुमची पॅरिश, म्हणजे तुमच्या भागाचं चर्च, कुठली हे तुम्ही कुठे जाता यावरून नाही, कुठे राहता यावरून ठरतं. म्हणजे तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला पॅरिश आहेच, त्याला माहीत नसली तरी. नियम असा की दोघांपैकी एकजण जिथे राहतो, अगदी महिनाभर राहिलेला असला तरी, त्या पॅरिशमध्ये लग्न लावायचं, आणि दुसरीकडे लावायचं तर आपल्या फादरांची किंवा बिशपांची परवानगी घ्यायची. कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) 1115 मध्ये, हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे खोटा पत्ता देऊन जे मिळवायचं ते एका पत्राने मिळतं.

त्यामुळे पहिली फेरी आवडलेल्या चर्चला नाही, मुलाच्या स्वतःच्या फादरांकडे मारा. दोघांनी जा. बरीच वर्षं आलो नाही म्हणून तो लाजत असेल तर त्याला सांगा, फादरांना असे लोक रोज भेटतात. तिथेच सरळ सांगून टाका की लग्न दुसऱ्या चर्चमध्ये करायचंय आणि का. त्या चर्चशी काही नातं असेल, आईवडिलांचं लग्न तिथं झालंय वगैरे, तर ते आवर्जून सांगा. फोटो छान येतात हे कारण खरं असलं तरी पहिलं सांगू नका :)

आता तुमच्या केसमधली खरी गुंतागुंत. तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल तर हे मिश्र लग्न, त्याला बिशपांच्या ऑफिसची परवानगी लागते, अर्ज फादरच पाठवतात. (बाप्तिस्मा झालाच नसेल तर नुसती परवानगी पुरत नाही, नियमातून सूट घ्यावी लागते, ती मिळते पण वेळ धरून ठेवा.) वचन फक्त कॅथलिक माणसाने द्यायचं असतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून शक्य ते सगळं करीन. तुम्हाला त्याची कल्पना दिली जाते, सही-शपथ तुमच्याकडून नाही. पूर्वी दोघांकडून घ्यायचे, ते 1970 साली बदललं, पण घरातली मोठी माणसं अजून तेच जुनं सांगून घाबरवतात. मुलांचा विषय मात्र दोघांनी आधी घरी बोलून घ्या, फादरांच्या टेबलासमोर पहिल्यांदा भांडण सुरू झालेलं मी पाहिलंय.

आणि आधी इकडे मग तिकडे असं दोन्ही चर्चमध्ये एकेकदा लग्न लावायचा विचार असेल तर तो सोडा, संमतीची वचनं दुसऱ्यांदा घ्यायला मनाई आहे. तुमचे पाळक, म्हणजे तुमच्या प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू, त्याच विधीत येऊन वाचन, प्रार्थना, आशीर्वाद देऊ शकतात, ते फादरांना विचारा, बहुतेक आनंदाने हो म्हणतात. उलट लग्न तुमच्या चर्चमध्ये करायचं ठरलं तर मुलाला बिशपांकडून वेगळी सूट आणावी लागेल.

कागदांत सगळे अडकतात ते बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर. घरातला जुना, लॅमिनेट केलेला चालत नाही. कॅथलिकांचं लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत केली जाते, म्हणून ताजा दाखला म्हणजे माणूस अविवाहित असल्याचा पुरावाच, आणि म्हणून तो साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. बाप्तिस्मा लांबच्या गावी झाला असेल तर हे काम आजच सुरू करा.

अजून एक, आमचे ओळखीचे फादर येऊन लावतील असं असेल तर त्यांना तिथल्या पॅरिशच्या फादरांकडून रीतसर अधिकार मिळालेला हवा. हे शिष्टाचाराचं नाही, तो नसेल तर चर्चच्या कायद्याने लग्नच वैध धरत नाहीत.

इतर पंथांचं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 2008 च्या कायद्याने बरीच दारं उघडली, त्या पॅरिशमध्ये आयुष्यात कधीतरी सहा महिने राहिला असाल किंवा आई-वडील, आजी-आजोबांचं लग्न तिथे झालं असेल तरी चालतं. ऑर्थोडॉक्समध्ये निदान एकजण ऑर्थोडॉक्स हवाच आणि दुसऱ्याचा बाप्तिस्मा झालेला हवा. स्वतंत्र मंडळ्यांत, म्हणजे कुठल्या मोठ्या पंथाखाली नसलेल्या चर्चमध्ये, सगळं पाळक आणि कमिटीवर असतं, काही ठिकाणी बाहेरच्यांना सरळ नाही म्हणतात. वाईट वाटतं, पण पाळकाला तुम्हाला ओळखल्याशिवाय लग्न लावायचं नसतं, त्याच्या दृष्टीने ते हॉल भाड्याने देणं नाहीये.

पैशाचं तोंडावर विचारा, लाजू नका. बाहेरच्यांना देणगी जास्त असू शकते, ऑर्गन वाजवणाऱ्याचे वेगळे, सफाईचे वेगळे. लग्नपूर्व कोर्स कुठल्या पॅरिशमध्ये करायचा, गाणी कोणती चालतात, फोटोग्राफरने वेदीजवळ कुठपर्यंत जायचं, फुलं कुठे लावू देतात, हेही त्याच भेटीत.

आणि हॉलचं बुकिंग चर्चची तारीख लेखी मिळाल्यावरच. आमच्याकडे एक जोडपं हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरून आलं होतं, जोडून सुट्ट्या आल्यात म्हणून खूश, आणि तारीख निघाली ईस्टरच्या आदल्या दिवशीची. त्या शनिवारी आणि गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये लग्नं लावतच नाहीत. हॉलवाल्याने अ‍ॅडव्हान्स काही परत दिला नाही, तारीख मात्र तीन आठवडे पुढे सरकवून दिली, ती पण मुलीच्या आईने तिथे तासभर ठाण मांडल्यावर.