जबड्याची शस्त्रक्रिया म्हणजे दातांचे उपचार नव्हेत

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. तो हाडांत पसरल्याने दोन वर्षं दरमहा झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू होतं. दुखते म्हणून दाढ काढली, पण जखम भरलीच नाही. हाड उघडं पडलं, पू येऊ लागला. चार महिन्यांनी शस्त्रक्रिया करून जबड्याचं मेलेलं हाड काढावं लागलं. सव्वातीन लाख खर्च झाला. विमा कंपनीने ‘दातांचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत’ म्हणून क्लेम नाकारला. दाताच्या डॉक्टरांवर केस करावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांचं नंतर बघू, आधी विमा कंपनीला धरा. आईंचा दात नव्हे, जबड्याचं हाड मेलं, आणि तेही कर्करोगात हाडांसाठी दिलेल्या झोलेड्रॉनिक ॲसिड या औषधाच्या दुष्परिणामाने. हा आजार २००३पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे. औषध घेतलेल्या रुग्णाचं हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं आणि जबड्याला रेडिएशन दिलेलं नसलं, की डॉक्टर हे निदान करतात.

तुमच्याकडची डिस्चार्ज समरी पाहिली. निदानाच्या रकान्यात फक्त ‘दाढ काढल्यानंतरचा जंतुसंसर्ग’ लिहिलंय. औषधाचं नावही नाही! कंपनीने नेमकं तेच पकडलं. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडून पत्र घ्या : कोणतं औषध, किती डोस, हाड किती आठवडे उघडं होतं, कोणतं हाड काढलं. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट जोडा. इंजेक्शनच्या नोंदींसाठी कर्करोग रुग्णालयात लेखी अर्ज द्या. ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) जा. मुदत एक वर्षाची. फी नाही, वकीलही लागत नाही (मी वकील असूनही सांगतो, तिथे माझ्यावर पैसे घालवू नका). मात्र त्याच क्लेमसाठी ग्राहक आयोगात आधी गेलात, तर लोकपाल तक्रार घेणार नाहीत.

आता दाताचे डॉक्टर. सडलेली दाढ तशीच ठेवली असती तरी हाड बिघडू शकलं असतं, त्यामुळे दाढ काढली एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. खरा मुद्दा संमतीचा आहे. धोका समजावून घेतलेलीच संमती खरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय. ‘कोणती औषधं, इंजेक्शनं चालू आहेत?’ हे दवाखान्यात विचारलं होतं का? आणि आईंनी काय सांगितलं? विचारलंच नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. आईंनीच सांगायचं राहिलं असेल, तर नाही. दवाखान्याच्या केसपेपरची प्रत मिळवा, आईंना शांतपणे विचारा आणि मग मला कळवा. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तेवढा वेळ हातात आहे.