आधी अंदाज सांगा, मग प्ले दाबू

मागच्या अंकात मी सहज जाता जाता लिहिलं होतं की वर्गात टीव्ही आला म्हणून खडू-डस्टर कपाटात टाकू नका, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना सगळा त्यालाच देतोय. बहुतेक पत्रं सांगली-साताऱ्याकडचीच आहेत. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : सर नमस्कार. लोकवर्गणीतून आमच्या जिल्हा परिषद शाळेला टीव्ही मिळालाय. चौथी-पाचवी एकत्र बसतात. मी यूट्यूबवरचे फुकटचे व्हिडिओ रोज लावते, पोरं अगदी गप्प बसून बघतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काही म्हणजे काही सांगता येत नाही. माझं कुठं चुकतंय? (एक शिक्षिका, जत)

बाई, ते 'गप्प बसून' आहे ना, सगळा घोळ तिथंच आहे. मी स्वतः यात सपशेल आपटलेला माणूस आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी पाचवीला जलचक्राचा व्हिडिओ लावला होता, चांगला १८ मिनिटांचा, रंगीत, गाणं वगैरे असलेला, आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी मागं खुर्चीत बसून हजेरीपट पुरा केला, मनात म्हटलं काय भारी काम झालं. दुसऱ्या दिवशी विचारलं, वाफ वर जाऊन तिचं पुढं काय होतं? कुणी बोलेना. शेवटी एका पोरीनं हात वर केला आणि म्हणाली, "सर, त्या ढगाला मिशा होत्या." झालं. १८ मिनिटांतून हाती आल्या त्या ढगाच्या मिशा.

व्हिडिओ वाईट नव्हता हो, मीच त्याला वर्ग आंदण देऊन टाकला होता.

आता करायचं काय, तर आदल्या दिवशी घरी एकदा तो व्हिडिओ बघायचा आणि त्यातला दोन-तीन मिनिटांचा तुकडा निवडायचा. कागदावर वेळ लिहून ठेवायची, समजा १ मिनिट ४० सेकंदाला थांबायचं. थांबायचं कुठं? उत्तर येण्याच्या अगदी आधी. पातेल्यात पाणी उकळतंय, वर झाकण ठेवलंय, इथं पॉज. आता झाकण उचललं की आतल्या बाजूला काय दिसेल? सगळ्यांनी पाटीवर लिहा नायतर चित्र काढा. ज्यानं 'काहीच नाही' लिहिलंय त्याला पण बोलू द्या, हसू देऊ नका कुणाला. मग प्ले. अंदाज एकदा पाटीवर उतरला की पोरगं पुढची दहा सेकंदं ज्या डोळ्यांनी बघतं ना, ते डोळे वेगळेच असतात, करून बघा.

दुसरी गोष्ट, आवाज. बरेच व्हिडिओ हिंदीत नायतर पुस्तकी मराठीत असतात, आणि तुमच्या पूर्वेकडच्या गावांत तर पोरं घरी कानडी बोलतात. सरळ म्यूट करा आणि तुमच्या शब्दांत तुम्ही सांगा. दुसऱ्या वेळी लावताना तुम्ही पण गप्प बसा आणि एका पोराला पुढं उभं करा, त्यानं मैदानात कुस्तीचं निवेदन करतात तसं चालू चित्राचं निवेदन करायचं. जिथं तो अडखळला तिथं त्याला कळलेलं नाही, वेगळी चाचणी घ्यायला नको.

नेटचं रडगाणं सगळीकडं सारखंच आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, ते रेंज असलेल्या ठिकाणी आधीच डाउनलोड करून ठेवता येतं. दीक्षा २०१७ पासून आहे, सगळंच साहित्य काही उत्तम नाही, काही व्हिडिओत तर नुसता धडा वाचून दाखवलाय, पण निवडून घेतलं तर कामाचं पुष्कळ निघतं. आणि हो, यूट्यूबचं ऑटोप्ले आधी बंद करा. एका शाळेत पाहुणे बसलेले असताना पाढ्यांचा व्हिडिओ संपला आणि पुढचं आपोआप सुरू झालं ते लग्नातल्या डीजेचं गाणं, पोरं बाकावर उभी राहिली होती.

प्रश्न : मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत सामान अपुरं आहे म्हणून सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे प्रयोग, वापरायला लागलोय. सहकारी म्हणतात हे खरं विज्ञानच नाही, नुसता गेम आहे. तुमचं मत? (एक शिक्षक, सातारा)

सर, तुमचे सहकारी अर्धे बरोबर आहेत. पण आधी उरलेल्या अर्ध्याचं बोलू.

फेट नावाची सिम्युलेशन्स तुम्ही वापरत असणारच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातलं काम आहे ते, कार्ल वायमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हे सुरू केलं. फुकट आहे, बरीच मराठीतही आहेत, आणि फाइल एकदा उतरवून घेतली की लॅपटॉपवर नेट नसताना पण चालते. त्यातलं विद्युत परिपथाचं घ्या. एक सेल, दोन सारखे बल्ब, एकसर म्हणजे एकामागं एक जोडणी. चालू करायच्या आधी विचारायचं, सेलच्या जवळचा बल्ब जास्त पेटेल का लांबचा?

मी जिथं जिथं विचारलंय तिथं बहुतेक हात जवळच्या बल्बसाठी वर गेलेत. कडेगावकडच्या एका शाळेत एका पोराला विचारलं का रे बाबा, तर तो म्हणाला, "सर, कॅनॉलचं पाणी वरच्या अंगाला जास्त मिळतंय, टेलएंडला पोचतच न्हाई." आता सांगा, हे उत्तर चूक म्हणायची हिंमत होते का? आपल्याकडच्या पोरानं आयुष्यभर घरात ऐकलंय ते हेच, आवर्तन सुटलं आणि वरच्यांनीच पाणी धरलं. विजेला पण तो तोच हिशोब लावतो, पहिल्या बल्बनं खाल्ली, दुसऱ्याला कमी उरली.

मग बटण दाबायचं. दोन्ही बल्ब सारखे पेटतात. वर्गात एकदम कालवा होतो, "सर काहीतरी बिघडलंय!" इथं घाई करायची नाही. सिम्युलेशनमधलाच अमीटर, म्हणजे प्रवाह मोजायचं यंत्र, घेऊन पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बच्या मध्ये आणि शेवटी असा तीन जागी लावायचा, आकडा तिन्हीकडं एकच येतो. म्हणजे प्रवाह वाटेत संपत नाही, जेवढा निघाला तेवढाच फिरून सेलकडं परत येतो, बल्बला मिळते ती ऊर्जा. कॅनॉलचं पाणी रानात मुरतं, इथं मुरत नाही. एवढं एक वाक्य कळायला माझ्या वेळी पुस्तकातली चार पानं पुरत नव्हती, कारण पोराच्या डोक्यातला कॅनॉल कुणी विचारतच नव्हतं.

आता सहकाऱ्यांचा अर्धा भाग. फेटमध्ये वायर कधी ढिली होत नाही, सेल कधी उतरत नाही, आणि तारेत निळे गोळे पळताना दिसतात त्यामुळं पोरांना वाटतं वीज म्हणजे निळे गोळेच. म्हणून त्याच आठवड्यात हातानं काहीतरी करायलाच पाहिजे. सामान नाही म्हणू नका. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे ढिगानं छोटे व्हिडिओ केलेत, मराठीतही आहेत आणि सगळे फुकट. त्यातली मोटर करून बघा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर, एक चुंबक आणि इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा लेप दिलेली, तांब्याची तार. पिना रबरानं सेलच्या दोन टोकांना बांधायच्या, चुंबक सेलवर, तारेचं वेटोळं पिनांच्या डोळ्यांत अडकवायचं.

व्हिडिओत ती एका झटक्यात फिरते. वर्गात फिरत नाही! "सर, फिरंना!" अशी बोंब सगळीकडून. बहुतेक वेळा कारण एकच असतं, तारेचं इनॅमल नीट खरवडलेलं नसतं नायतर जास्तच खरवडलेलं असतं. एका टोकाचं सगळीकडून काढायचं आणि दुसऱ्या टोकाचं अर्ध्याच बाजूचं. का? तर अर्ध्या फेऱ्यात प्रवाह चालू आणि अर्ध्यात बंद राहिला पाहिजे, नाहीतर जो धक्का वेटोळ्याला पुढं ढकलतो तोच अर्ध्या फेऱ्यानंतर त्याला मागं ओढतो आणि ते जागच्या जागी डुलत बसतं. हे पोरांना आधी सांगू नका. सगळं इनॅमल काढलेली दोन-तीन वेटोळी डुलत राहिली की पोरं आपोआप फिरणाऱ्या मोटरवाल्या पोराकडं बघायला जातात, आणि नख लावून तार तपासतात. ते बघण्यासारखं असतं.

तेव्हा सर, दोन्ही करा. अंदाजासाठी स्क्रीन, फजितीसाठी सेल आणि तार.

प्रश्न : क्विझचे गेम मुलांना फार आवडतात पण मुलांकडे फोन नाहीत, माझा एकच आहे. शिवाय गेममध्ये पटापट उत्तरं देणारी मुलं वहीत तेच गणित चुकवतात, हे कसं काय? (एक शिक्षिका, कराड)

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. प्लिकर्स म्हणून एक ॲप आहे, त्यात फोन फक्त तुमच्याकडं लागतो. वेबसाइटवरून कार्डं छापून घ्यायची, प्रत्येकावर वेगळी चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी बारीक अक्षरात. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड पोरानं धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते फोनवर दिसतं. शेजारच्याला कळत नाही, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी. फक्त कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परतला की कॅमेऱ्याला वाचता येत नाही, पुठ्ठ्यावर चिकटवा. आणि नेट गेलं तर पाटी आहेच की, लिहा आणि वर धरा, तोच गेम.

दुसरा प्रश्न खरा आहे. एका पोराला मी बेरीज-वजाबाकीच्या गेममध्ये सारखा पहिला येताना बघितलं, म्हटलं बाळा कसं जमवतोस? म्हणाला, तिसरा पर्याय दाबत सुटायचं, चुकलं तर मार्क जात नाहीत आणि घड्याळ मात्र वाचतं. पोरगं हुशार होतं, गेम मठ्ठ होता. घड्याळ लावलेला गेम पोराला पटकन दाबायला शिकवतो, विचार करायला नाही, आणि जे सावकाश पण बरोबर करतं ते बिचारं कायम शेवटचं. म्हणून शक्य असेल तिथं टायमर बंद करा, नायतर भरपूर वाढवा. आणि प्रश्न कमी घ्या, दहाच्या जागी तीन, पण प्रत्येकानंतर 'बी कुणी म्हटलं, का म्हटलं' हे विचारा. चुकीचे पर्याय पण नीट बनवा, म्हणजे १/२ + १/३ ला २/५ हा पर्याय पाहिजेच पाहिजे, वरचे वर आणि खालचे खाली मिळवणारं पोर तोच निवडतं. १९ पोरांनी तो निवडला तर उद्या काय शिकवायचं ते तुम्हाला आज कळलं.

प्रश्न : आम्ही घरी मुलीच्या हातातून मोबाईल काढून घेतो आणि शाळेत तेच दाखवतात. मग आमच्या शिस्तीचा काय उपयोग? (एक पालक, मिरज)

दादा, शाळेत ५० जण एका पडद्याकडं बघतात आणि पॉजचं बटण बाईंच्या हातात असतं, घरी ते बटणच कुणाच्या हातात नसतं, फरक तेवढाच. पण तुमची शंका अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. शाळेत जाऊन विचारा, आठवड्यात किती वेळ दाखवता आणि दाखवून झाल्यावर मुलं काय करतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं नाही तर तुमचा राग रास्त आहे.

प्रश्न : इंटरनेटवरचं काहीही वर्गात दाखवलं तर कॉपीराइटचा त्रास होईल का? आणि आमचे शिक्षक मुलांचे व्हिडिओ करून चॅनेलवर टाकतात, ते चालतं का? (एक मुख्याध्यापक, तासगाव)

वर्गात शिकवताना वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच, कलम ५२ मध्ये, सूट आहे, तेवढ्यासाठी झोप उडवून घेऊ नका. पण तेच दुसऱ्याचं साहित्य आपल्या चॅनेलवर चढवणं ही वेगळी गोष्ट, तिथं वर्गाची भिंत राहत नाही. स्वतःच्या व्हिडिओसाठी दुसऱ्याचं काही हवंच असेल तर यूट्यूबच्या फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे मूळ मालकानं इतरांना वापरायची मुभा दिलेलं, निवडून शोधा आणि मूळ कुणाचं ते लिहा.

मुलांच्या चेहऱ्यांचं मात्र माझं स्पष्ट मत आहे, टाकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, ते तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवा. पाढे चुकलेल्या पोराचा व्हिडिओ गावभर व्हॉट्सॲपवर फिरला की तो परत हात वर करत नाही. हात दाखवा, वही दाखवा, फिरणारी मोटर दाखवा, बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमचे सर व्हिडिओ ऐन रंगात आला की मध्येच बंद करतात. खूप राग येतो. त्यांना सांगा ना. (एक विद्यार्थिनी, कोरेगाव)

बाळ, सांगणार नाही! पुढच्या वेळी त्यांनी बंद केला की पुढं काय होणार ते पटकन वहीत लिही आणि पान झाकून ठेव. सर पुन्हा चालू करतील तेव्हा ताडून बघ. तुझं चुकलं तर का चुकलं ते मला लिहून पाठव. आणि त्यांनी चालूच केला नाही, तर मात्र मला नक्की कळव, मग मी बघतो त्यांच्याकडं.