आधी मागच्या बाकावर बस

प्रिय नव्या विभागप्रमुख,

अनेक आशीर्वाद. कलाविभाग तुझ्याकडे आला आणि पहिलाच बेत दोन दिवसांच्या कार्यशाळेचा, असं पत्रावरून कळलं. तूर्त ते राहू दे. शिक्षक कार्यशाळेत वही भरतात आणि सोमवारी होतं तसंच शिकवतात, कारण त्यांच्या वर्गात नेमकं कुठं अडतंय हे बाहेरच्या वक्त्याला ठाऊक नसतं. खरं तर तुलाही नसतं. म्हणून आधी मागच्या बाकावर जाऊन बस.

आदल्या दिवशी १० मिनिटं बोलून घे. उद्या काय घेणार, आणि मी कशाकडे लक्ष देऊ? हे शिक्षकानंच सांगायचं. तू ठरवलंस की ती तपासणी होते. वर्गात वहीच्या पानावर तीन रकाने आख: वेळ, शिक्षक काय करतात, मुलं काय करतात. 'छान समजावलं' असं मत लिहायचं नाही. '१०.१२ ते १०.३१ प्रात्यक्षिक, मागच्या दोन रांगा उभ्या राहून बघताहेत' अशी नोंद हवी. शेवटी एक बेरीज कर: ४५ मिनिटांच्या तासात मुलांच्या हातात ब्रश किती मिनिटं होता? निम्म्याहून कमी असेल तर बोलायला पुरेसा विषय मिळाला.

काही दोष हमखास दिसतील. चित्रकलेचे सर मुलाच्याच कागदावर ब्रश चालवून चूक दुरुस्त करतात. चित्र सुधारतं, हात तसाच राहतो. त्यांना बाजूला वेगळा चिटोरा ठेवायला सांग, दाखवायचं ते त्यावर. गाण्याच्या तासाला पेटी सतत सुरावटीमागे वाजत असते, त्यामुळे कोण घसरलं ते झाकलं जातं. दोन मिनिटं पेटी बंद, नुसता तंबोरा लावून गाऊन घ्यायचं, की सगळं उघडं पडतं. तबल्याला सगळा वर्ग एकदम वाजवतो आणि दोन तयार पोरं बाकीच्यांना ओढून नेतात. तिघातिघांना ऐकावं.

पण पावसाळ्यात शिक्षकाला बोल लावण्याआधी हवेकडे बघ. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तबल्याची पुडी ओल धरते, स्वर उतरतो आणि तासातली पहिली १५ मिनिटं हातोडी ठोकण्यात जातात. वाद्यं कोरड्या कपाटात ठेवून तासाआधीच लावून घेण्याची व्यवस्था करणं हे तुझं काम. जलरंगाचंही तेच. पहिला हात वाळत नाही, दुसरा वर चढवला की चिखल. त्या महिन्यांत चित्रकलेला जोडतास दे.

तास संपल्यावर दोन दिवसांच्या आत २० मिनिटं, एकट्यानं भेट; स्टाफरूममध्ये चारचौघांत नको. वही आधी त्यांना वाचू दे. बहुतेक जण स्वतःच नेमक्या ओळीवर बोट ठेवतात. बदल एकच ठरवायचा आणि १५ दिवसांनी फक्त तोच बघायला जायचं. पाच सूचना दिल्यास की एकही टिकत नाही.

सगळ्यात अवघड असतो तो मुळात उत्तम कलाकार असलेला शिक्षक. त्याच्या हातात विद्या इतकी मुरलेली असते की मधल्या पायऱ्या त्याला दिसतच नाहीत. गावातल्या घुमटवादकाला (घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं गोव्याचं तालवाद्य) पाहुणा म्हणून बोलावलंस तर हाच अनुभव येईल. त्याच्या शेजारी आपला तबल्याचा शिक्षक बसव. एकानं सावकाश वाजवायचं, दुसऱ्यानं बोल लिहून घ्यायचे. दोघेही शिकतात.

गुणदानासाठी वर्षातून दोनदा सगळ्यांना एकत्र बसव. सहा कामं, नावं झाकलेली, प्रत्येकानं २० पैकी गुण वेगळे लिहायचे, मगच पानं उघडायची. चारपेक्षा जास्त फरक पडला तिथं थांबा. एक जण नीटनेटकेपणाला गुण देत असतो, दुसरा रचनेला, आणि मुलांना यातलं काहीच सांगितलेलं नसतं. पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून एखादे अध्यापक बोलावलेस तर उत्तम.

बैठका चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर आणि जत्रांच्या दिवसांत ठेवू नको. निम्मे लोक रात्री नाटकाच्या तालमीला असतात. सकाळी आठला जांभया देतील. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बैठकीचे पैसे मिळत नसतील तर प्राचार्यांकडून तो वेळ तासांत धरून घे. नाहीच जमलं तर त्यांना फुकट बोलावू नको.

आणि पहिला तास तुझाच बघायला दे. वही त्यांच्या हातात, तू फळ्यापाशी.

ता. क. घुमट विकत घेताना कातडं बकऱ्याचंच आहे ना, विचारून घे. घोरपडीचं कातडं वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे; जुनं वाद्य कुणी प्रेमानं भेट दिलं तरी विभागात ठेवू नको.